कोठीतला हरवलेला रंगमहाल

हैदराबादेत मुसी नदीच्या उत्तरेला ‘कोठी’ नावाची गजबजलेली वस्ती आहे. तिला हे नाव ज्या हवेलीमुळे मिळाले ती म्हणजे ब्रिटिश रेसिडेन्सी. सहा उंच कॉरिंथियन खांब, बावीस पायऱ्या आणि दुतर्फा दगडी सिंह. पाहताक्षणी ही वास्तू युरोपातून उचलून आणली असावी असे वाटते. मात्र तिचा इतिहास तितका परका नाही.

रेसिडेंट जेम्स अॅकिलिस कर्कपॅट्रिक याच्या काळात, १८०३ च्या सुमारास बांधकाम सुरू झाले. आराखडा मद्रासच्या लष्करी इंजिनिअर सॅम्युअल रसेलचा, पैसा निजामाच्या खजिन्यातला आणि घाम दख्खनच्या कारागिरांचा. याच कर्कपॅट्रिकने इस्लाम स्वीकारून हैदराबादच्या उमराव घराण्यातील खैरुन्निसाशी निकाह केला होता. तिच्यासाठी त्याने आवारात रंगमहाल उभारला. कंपनी सरकारला हे नाते खपले नाही, चौकश्या झाल्या. १८०५ मध्ये दोन्ही मुले विलायतेला पाठवली गेली आणि त्याच वर्षी कर्कपॅट्रिक कलकत्त्यात वारला. १८१३ मध्ये खैरुन्निसाही गेली. मुलांची भेट तिला पुन्हा झाली नाही.

पुढे ही कोठी केवळ सत्तेची खूण उरली. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी तिच्यावर हल्ला चढवला. खानाला प्राण गमवावे लागले, मौलवींच्या वाट्याला अंदमान आले. १८५३ पासून पुढची पन्नास वर्षे आपल्या वऱ्हाडचा कारभारही इथल्याच रेसिडेंटच्या देखरेखीखाली चालला. १८६० च्या सुमारास रंगमहाल पाडण्यात आला. एका साहेबाच्या मुसलमान बायकोची आठवण नव्या साहेबांना नकोशी झाली होती.

१९४९ मध्ये इथे मुलींचे कॉलेज आले. ज्या दरबार हॉलमध्ये तह आणि तैनाती फौजांची बोलणी होत, त्या छताखाली सामान्य घरांतल्या मुली शिकू लागल्या. परंतु देखभालीअभावी छत गळू लागले, लाकूड कुजले. २००२ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने धोक्यातील वास्तूंच्या यादीत कोठीचे नाव घातले. दीर्घ काळ चाललेल्या कामानंतर २०२३ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. जुन्या भिंतीला सिमेंट फासले की ओल आतच कोंडते. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. म्हणून अशा वास्तूंची दुरुस्ती चुन्यानेच करावी लागते आणि तिला वेळ द्यावा लागतो.

खांब सावरले, छत सावरले. रंगमहाल मात्र परत येणार नाही. वास्तूचे जतन म्हणजे उरलेल्या दगडांची डागडुजी एवढेच नव्हे. जे लाजेपोटी पाडले गेले त्याचीही नोंद ठेवणे होय. २०२२ पासून महिला विद्यापीठ झालेल्या या आवारात शिकणाऱ्या मुलींना कर्कपॅट्रिकबरोबर खैरुन्निसाचेही नाव ठाऊक असले पाहिजे. तेवढे झाले तरच कोठीचा जीर्णोद्धार पुरा झाला म्हणता येईल.