अझोहारा ओन्सेन

अझोहारा ओन्सेन : जपानच्या तोयामा प्रांतात, कुरोबे नदीच्या घळईत समुद्रसपाटीपासून सुमारे 860 मी. उंचीवर असलेले गरम पाण्याचे कुंड आणि त्याच्या लगतचा, केवळ पायी पोहोचता येणारा डोंगरनिवास (यामागोया). ‘ओन्सेन’ ही संज्ञा 1948 च्या जपानी कायद्यानुसार उगमाशी किमान 25° से. तापमान असलेल्या, किंवा ठरावीक खनिजद्रव्यांपैकी एखादे विहित प्रमाणात असलेल्या भूमिगत पाण्याला लावली जाते. हा परिसर 1934 मध्ये घोषित झालेल्या चूबू-सांगाकू राष्ट्रीय उद्यानात मोडतो. प्रवासवर्णनांतून या स्थळाचे रानटी एकांतपण वाखाणले जात असले, तरी येथील वाट आणि निवासाची जागा या दोन्ही गोष्टी जलविद्युत प्रकल्पांच्या गरजेतून निर्माण झाल्या आहेत, आणि कुंडातील पाणीही त्यांपैकीच एका प्रकल्पासाठी झालेल्या खोदकामात हाती लागले असे मानले जाते.

उष्ण बोगदा : कुरोबे क्र. 3 या वीजकेंद्राचे काम निप्पोन देन्र्योकू या कंपनीने 1936 मध्ये हाती घेतले आणि ते 1940 मध्ये पुरे झाले. सेन्निनदानी येथील धरणाचे पाणी खालच्या केंद्राकडे नेणारा बोगदा आणि सामानवाहतुकीचा बोगदा अझोहाराजवळच्या भूऔष्णिक पट्ट्यातून खणावे लागले, आणि तेथे खडकाचे तापमान वाढत वाढत 160° से.च्याही वर गेले. सुरुंगाच्या दारूसाठी त्या काळच्या नियमांनी घातलेली मर्यादा 40° से. इतकीच असल्याने भोकात भरलेली दारू आपोआप पेटून मजूर दगावले. त्यानंतर कांड्यांना उष्णतारोधक वेष्टण घालणे, आणि आघाडीवर खणणाऱ्यांच्या अंगावर मागून गार पाण्याचे फवारे मारत राहून त्यांना थोड्या थोड्या वेळाने पाळीपाळीने बदलणे, असे उपाय योजण्यात आले. हिवाळ्यातही काम सुरू ठेवल्यामुळे हिमलोटांचे संकट ओढवले. 27 डिसेंबर 1938 रोजी शिआइदानी येथील मजूरवस्तीवर आदळलेल्या ‘होउनादारे’ने (भुसभुशीत कोरडे हिम आणि कोंडलेली हवा यांच्या अतिवेगवान लोटाने) इमारतीचा वरचा भाग उचलून घळईपलीकडे ओकुकानेयामाच्या कड्यापर्यंत फेकला, त्यात 84 जण मृत्युमुखी पडले. संपूर्ण प्रकल्पातील मृतांची संख्या सामान्यतः तीनशेच्या वर धरली जाते. मजुरांत कोरियन कामगारांचा भरणा मोठा होता. त्यांच्या भरतीच्या स्वरूपाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. योशिमुरा आकिरा यांची ‘कोनेत्सू झुइदो’ (1967) ही कादंबरी याच कामावर आधारलेली असून, हा इतिहास सर्वसामान्य जपानी वाचकापर्यंत पोहोचला तो मुख्यतः तिच्यामुळे. मात्र तिच्यातील पात्रे काल्पनिक असल्याने तपशिलांसाठी तिचा आधार घेताना सावधगिरी बाळगणे इष्ट ठरते.

वाट : केयाकीदाइरा (599 मी.) या रेल्वेस्थानकापासून प्रथम उभी चढण लागते आणि नंतर ‘सुइहेई होदो’, म्हणजे समपातळीची पायवाट, सुरू होते. विजेच्या सर्वेक्षणासाठी 1920 च्या सुमारास कड्याच्या पोटात कोरलेली ही वाट बहुतेक ठिकाणी जेमतेम मीटरभर रुंद आहे. एका अंगाला खडकात ठोकलेली तार आणि दुसऱ्या अंगाला शेकडो मीटरांची दरी, अशा स्थितीत साधारण पाच-सहा तास चालावे लागते. शिआइदानीची घळ ओलांडण्यासाठी खणलेल्या बोगद्यात काळोख असतो व पायांखाली पाणी वाहते, त्यामुळे कपाळावर बांधायचा दिवा अनिवार्य ठरतो. ‘कुरोबेत जखमा होत नाहीत’ या प्रचलित उक्तीचा अर्थ, तोल गेलेला माणूस जखमी होण्यापुरताही उरत नाही, असा आहे. अझोहारापासून नदीच्या वरच्या अंगाला कुरोबे धरणापर्यंत जाणारी जुनी वाट (1929) बर्फ वितळण्यावर अवलंबून असल्याने बहुधा शरद ऋतूतच काही आठवडे खुली होते. तिची दरवर्षीची दुरुस्ती कान्साई वीज कंपनी करते. विशेष म्हणजे ही वाट सेन्निनदानी धरणाच्या इमारतीतून जाते आणि वाटेत कंपनीच्या रेल्वेचे रूळ ओलांडते. ज्या उष्ण बोगद्यातून कर्मचारी आजही गाडीने ये-जा करतात, त्याच्याच बाहेरच्या कड्यावरून पदयात्री चालत असतात.

निवास व स्नान : हिमलोटांमुळे येथे कायमची इमारत टिकत नाही, म्हणून निवास दरवर्षी हंगामाच्या अखेरीस सुटा करून ठेवतात आणि उन्हाळ्यात पुन्हा उभारतात. तंबूंसाठीही जागा आहे. कुंड निवासापासून काही मिनिटे खाली उतरल्यावर, वाफा सोडणाऱ्या जुन्या बोगद्याच्या तोंडाशी आहे. ते उघड्यावर असून एकच असल्याने स्त्रिया व पुरुष यांच्या वेळा आलटून पालटून ठरवून दिलेल्या असतात. जपानी रीतीप्रमाणे अंग आधी बाहेर धुऊन, विवस्त्र होऊनच पाण्यात उतरतात.

भोजन : साधे, करी-भात.

दळणवळण : उनाझुकी ते केयाकीदाइरा ही 20.1 किमी. लांबीची अरुंदमापी रेल्वे मुळात वीजप्रकल्पांच्या बांधकामासाठी घालण्यात आली आणि 1953 पासून प्रवासी रेल्वे म्हणून चालू लागली. 1 जानेवारी 2024 च्या नोतो भूकंपात तिच्या मार्गावरील पुलाची हानी होऊन नेकोमाता स्थानकापलीकडची प्रवासी वाहतूक खंडित झाली, त्यामुळे केयाकीदाइराकडून अझोहाराला जाण्याचा नेहमीचा मार्ग बंद पडला.