सावित्रीच्या खोऱ्यातले पाते

महाड ओलांडून पोलादपूरला आले की एक रस्ता आंबेनळी घाटाने प्रतापगडाकडे आणि पुढे महाबळेश्वरला चढतो. गड आज सातारा जिल्ह्यात मोडतो, पण १० नोव्हेंबर १६५९ ची अफजलखानाची भेट सावित्री नदीच्या या खोऱ्याच्या मनात इतकी घर करून आहे, की इथे पात्याचा विषय निघाला तर बोलणे वाघनखे, बिचवा आणि कट्यारीवर गेल्याशिवाय राहत नाही. जुनी पाती जमवणारे हौशी संग्राहकही याच वस्तूंच्या मागे असतात. कोफ्तगरीची मूठ, मखमली म्यान, पात्यावरचा एखादा शिक्का यांना मोल येते. या आवडीत गैर काही नाही. पण महाड-पोलादपूरचा इतिहास पात्यातून वाचायचा असेल, तर सुरुवात कोयत्यापासून करावी लागेल, असे माझे ठाम मत आहे. या डोंगराळ मुलखात माणसे कशी जगली, जमीन कशी पिकली आणि सत्तेशी त्यांचा झगडा कशावरून झाला, याचा पुरावा म्हणून कोयत्याइतकी बोलकी दुसरी वस्तू नाही.

आधी शस्त्रांचा विचार करू, कारण आक्षेप तिथूनच येणार. प्रतापगडाच्या भेटीत पात्यांनीच इतिहास फिरवला, हे कोण नाकारेल? पण त्या पात्यांबद्दल खात्रीने सांगता येईल असे फार थोडे हाती लागते. सभासदाच्या बखरीत वाघनख आणि बिचवा दोन्ही येतात आणि खानाच्या हाती जमदाड असते. परमानंदाच्या शिवभारतातील वर्णन या तपशिलाशी जुळत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखे २०२४ च्या जुलैत साताऱ्याच्या संग्रहालयात उसनवारीने आली, तेव्हा ती पाहायला रांगा लागल्या. साताऱ्यात रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफकडे ती आली, असा त्यांच्या पेटीवरच्या मजकुराचा दावा आहे. तरीही प्रतापगडावर वापरली गेली ती हीच, हे सिद्ध करता येत नाही, असे खुद्द त्या म्युझियमचे म्हणणे आहे. लोकांच्या भावनेला यामुळे उणेपणा येत नाही. मात्र एक गोष्ट स्पष्ट होते. शस्त्राची किंमत ते कोणाच्या हातात होते यावर ठरते, आणि तेवढेच सिद्ध करणे सर्वांत अवघड असते. शिवाय मराठ्यांच्या तलवारींची कितीतरी पाती युरोपातून आलेली होती, म्हणून तर त्यांना फिरंग म्हणत. अशा पात्यातून दूरचा व्यापार आणि दरबाराची ऐपत कळते. सावित्री, काळ आणि गांधारीच्या काठची शेती, जंगल आणि मजुरी यांविषयी ते काहीच सांगत नाही.

कोयता नेमके तेच सांगतो. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. उतारावरची माती धुपून जाते, तिच्यातले सत्त्व टिकत नाही. त्यावर इथल्या शेतकऱ्याने काढलेला तोडगा म्हणजे राब. हिवाळा सरता सरता ऐन-किंजळाच्या फांद्या छाटायच्या, म्हणजे कवळ तोडायची. ती वाळली की रोपाच्या जागेवर शेण, पालापाचोळा आणि गवतासोबत पसरायची, वर मातीचा पातळ थर द्यायचा आणि पावसाआधी भाजावळ करायची. आचेने तणाचे बी मरते, राख रोपाला पोसते आणि पहिल्या पावसानंतर भाताचे, नाचणीचे, वरीचे रोप जोमाने वर येते. या सगळ्या साखळीची पहिली कडी कोयता आहे. झाड मारायचे नसते. त्याला पुन्हा धुमारे फुटून पुढच्या वर्षी कवळ मिळायला हवी. घाव स्वच्छ आणि तिरपा बसला तर झाड सावरते, फांदी पिंजली तर तिथे पाणी मुरून खोड कुजते. म्हणजे पात्याची धार हा जंगल टिकण्याचा प्रश्न होता. शेतीबाहेरही हेच पाते चाले. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून काढलेला कात असो, कोळशाच्या भट्ट्या असोत, की घराच्या कुडासाठी आणि टोपल्यांसाठी लागणारा बांबू असो, कातकरी, कुणबी आणि धनगर कुटुंबांची बरीचशी कमाई कोयत्याच्या घावाने सुरू होत असे.

वस्तू हातात घेऊन पाहिली की तिच्या घडणीतला विचार उलगडतो. कोयत्याचे पाते मुठीपासून सरळ निघते आणि टोकाशी आत वळते. हे वळण छाटलेली फांदी ओढून घेते आणि झाडावर एका हाताने तोल सांभाळणाऱ्या माणसाचा घाव निसटू देत नाही. पात्याचे वजन पुढच्या भागात ठेवलेले असते, त्यामुळे मनगटाला कमी जोर लावावा लागतो. पात्याची मागची निमुळती शेपटी लाकडी मुठीत ठोकून बसवलेली असते आणि मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडे असते, नाहीतर दणक्याने लाकूड उभे चिरते. चालताना हे उघडे पाते ठेवायचे कुठे? त्यासाठी कोकणात आकडी आहे. खाच पाडलेला हा लाकडी तुकडा दोरीने कमरेला मागच्या बाजूला बांधतात आणि कोयता खाचेत अडकवतात. दोन्ही हात चढायला मोकळे राहतात आणि धार अंगापासून दूर राहते. नक्षी नसलेल्या या तुकड्यात म्यानाइतकेच शहाणपण आहे. घडवणाऱ्या लोहाराचे ज्ञानही तितकेच बारीक. तापलेल्या पात्याचा रंग पाहून त्याला पाणी पाजायची वेळ ठरते. पाणी जास्त झाले तर धार तुटते, कमी झाले तर वळते. पूर्वी त्याचा मोबदला पिकावर धान्याने देण्याची रीत होती. पुढे मुंबई-गोवा रस्त्यावर मालमोटारींची वर्दळ वाढली आणि त्यांचे जुने कमानपाटे हा भट्टीवरचा आवडता माल झाला, कारण ते पोलाद चिवटही असते आणि धारही धरते.

सत्तेशी या पात्याचा संबंध जुना आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडासाठी आंबा-फणसाला हात लावू नये अशी ताकीद आहे, कारण ती झाडे रयतेने पोरांसारखी वाढवलेली असतात. गडाभोवतीची झाडी राखण्याचीही आज्ञा त्यात आहे. कोणी काय तोडावे हा प्रश्न राज्यकर्त्याला तेव्हाही महत्त्वाचा वाटत होता. इंग्रजी अमलात त्याला वेगळी धार आली. १८७८ साली दोन कायदे झाले. शस्त्रांच्या कायद्याने लोकांच्या हातातील शस्त्रांवर परवान्याचे बंधन आले आणि जंगल कायद्याने राखीव वनांची भिंत उभी राहिली. कोयता शस्त्र ठरला नाही, म्हणून तो घरात राहिला. पण ज्या झाडावर तो चालवायचा ते झाड सरकारी झाले. राबाची कवळ तोडणे हा शेतकऱ्याच्या लेखी हक्क होता, वनखात्याच्या लेखी ती सवलत झाली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या रायगडातही, इतकी ओरड झाली की सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. उतारावर फिरती शेती करणाऱ्या दळीवाल्यांचे दावे तर २००६ च्या वनहक्क कायद्यापर्यंत रेंगाळले. याच रायगड जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, उरण तालुक्यातल्या चिरनेरला, २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. त्या लढ्यात राखीव जंगलातले झाड तोडणे हाच कायदेभंग होता. रोजच्या कामाची कृती राजकीय कृती झाली. एखाद्या कट्यारीला असा सलग इतिहास लाभलेला मला दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की कोयता ही बाजारात मिळणारी साधी वस्तू आहे, तिच्यात संग्रह करण्यासारखे सौंदर्य नाही. महाराष्ट्रातच याचे उत्तर आहे. दिनकर केळकरांनी पुण्यात आयुष्यभर खपून दिवे, फण्या, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी जमवली आणि तो सारा ठेवा सरकारला दिला. घरगुती वस्तू म्हणून कोणी लक्ष न दिलेला अडकित्ता आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात लोक थांबून पाहतात. अडकित्त्याला ही जागा मिळायला त्याच्या नक्षीचा, पोपट-घोड्यांच्या आकारांचा हातभार लागला, हे खरे. कोयत्याला नक्षी नाही. पण त्याचा डौल वळणाच्या मापात, वजनाच्या वाटणीत आणि मुठीच्या गोलाईत असतो. ते ओळखायला थोडी सवय लागते, एवढेच. पात्याचे रसग्रहण म्हणजे अलंकाराचेच रसग्रहण असे मानले तर कारागिराच्या खऱ्या कसबाकडे पाठ फिरवल्यासारखे होईल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कोयते जुने होत नाहीत, ते संपतात. कोकणच्या दमट हवेत लोखंड गंजते, धार लावून लावून पाते अरुंद होते, लोहाराकडे शेवटायला, म्हणजे तापवून-ठोकून पुन्हा धार काढायला, जाते आणि अखेरीस त्याच लोखंडाचा खिळा किंवा खुरपे होते. मग दोनशे वर्षांपूर्वीचा कोयता आणायचा कुठून? हे मान्य करूनच पुढे जायला हवे. इथे संग्राहकाने वयाचा हव्यास सोडावा. झिजलेले पाते हाच दस्तऐवज आहे. मूळ रुंदी आणि उरलेली रुंदी यांतला फरक, झीज कोणत्या बाजूला जास्त, मूठ कितीदा बदलली, यावरून ते उजव्या हाताने चालले की डाव्या, लाकडावर की गवतावर, हे सांगता येते. वस्तू टिकाऊ नसेल तर तिच्या घडणीची नोंद संग्रहाइतकीच मोलाची ठरते. ही नोंद आजच व्हायला हवी, कारण कोयत्यामागची व्यवस्था विरते आहे. या तालुक्यांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेले आणि शेताचा भार बायकांवर पडला. राबाची जागा पुष्कळ ठिकाणी युरियाने घेतली, महाडच्या औद्योगिक वसाहतीने नोकऱ्या दिल्या आणि पात्यांचे काम यंत्रावर कापलेल्या पत्र्याने स्वस्त केले.

तिसरा आक्षेप आजच्या बातम्यांतून येतो. पुण्यात कोयता गँग हा शब्द रूढ झाल्यापासून कोयत्याचे कौतुक म्हणजे हिंसेला खतपाणी, असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटते. ही भीती खोटी नाही, ज्यांच्यावर वार झाले त्यांच्यासाठी तर मुळीच नाही. पण तिचा इलाज कोयत्याला विसरण्यात नाही. आपल्या शस्त्रनियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची शस्त्रे परवान्याच्या कक्षेत येतात आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली पाती त्यातून वगळली आहेत. म्हणजे कायद्यानेही सीमारेषा कामावरच आखली आहे. दहशतीसाठी कोयता मिरवणाऱ्याला त्या पात्याचे काम ठाऊक नसते. कोयत्याच्या कामाचा इतिहास जितका माहीत होईल, तितका त्याचा दहशतीसाठीचा वापर उघडा पडेल. शिवाय तलवारींच्या आणि खंजिरांच्या संग्रहावर हा आक्षेप सहसा कोणी घेत नाही, जरी ती पाती माणसावर चालवण्यासाठीच बनलेली होती. गरिबाच्या हत्याराला गुन्ह्याशी आणि सरदाराच्या शस्त्राला पराक्रमाशी जोडण्याची ही सवय तपासून पाहायलाच हवी. महाडने १९२७ साली चवदार तळ्यावर, इथल्या सार्वजनिक वारशावर कोणाचा हक्क, हा प्रश्न साऱ्या देशापुढे मांडला होता. वस्तूंच्या वारशालाही तो लागू पडतो.

लोकरीतीने ही फारकत कधी मानलीच नाही. खंडेनवमीला घरातल्या तलवारीबरोबर कोयता, विळा, विळी आणि लोहाराचा घण एकाच पाटावर मांडला जातो, सगळ्यांना तेच कुंकू आणि तेच फूल लागते. संग्राहकांनी आणि संस्थांनी या रीतीपासून शिकावे. महाड किंवा पोलादपुरात पात्यांचा संग्रह उभा राहायचा असेल तर कट्यारीशेजारी कोयता आणि आकडी ठेवावी. प्रत्येक पात्यासोबत ते कोणत्या गावचे, कोणत्या पोलादाचे, कोणत्या झाडावर चालले आणि शेवटून कितीदा आले, याची नोंद असावी. पाणी पाजण्याची, शेवटण्याची कृती लोहाराच्या तोंडून आणि हातून टिपून घ्यावी आणि त्या कामाचा त्याला रास्त मोबदला द्यावा. ज्यांनी हे डोंगर पिकते ठेवले त्यांचे पाते या संग्रहात नसेल, तर त्या संग्रहाला या खोऱ्याचा इतिहास म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.