खानेसुमारीबाहेरची माणसे

‘जनगणना’ हा शब्द आता आपल्या कानांच्या सरावाचा झाला आहे. परंतु आपल्या आज्यापणज्यांच्या तोंडी ह्याच गोष्टीस ‘खानेसुमारी’ असे नाव असे. खाना म्हणजे घर आणि शुमार म्हणजे मोजणी. जुन्या दप्तरांतील खानेसुमाऱ्या पाहाव्या तर त्यांत घर हे मुख्य आणि माणसे त्याच्या पोटात. कारण पट्टी बसवावयाची ती घरावर. पुढे इंग्रजी अमलात, १८७२ साली, मुंबई इलाख्यात माणसामाणसाची शिरगणती होऊ लागली, तरी लोकांच्या तोंडी शब्द तोच राहिला. आणि मला वाटते, शब्दाबरोबर दृष्टीही तीच राहिली. आधी घर शोधावयाचे, मग त्यातील माणूस. ज्याला घरच नाही त्याला कोठे शोधावयाचे?

हा प्रश्न माझ्या मनात प्रथम आला तो कोणत्याही ग्रंथालयात नव्हे, तर बारामती तालुक्यातील लोणी भापकर ह्या गावी. तेथील पुष्करणी आणि यज्ञवराहाचे शिल्प पाहावयास रसिक जातात, तसाच मीही गेलो होतो. देवळाच्या मंडपात एक उतारू डोक्याखाली बोचके घेऊन स्वस्थ निजला होता. त्याला कोणी उठविले नाही, की कोठला म्हणून विचारले नाही. देवळाची ओवरी, चावडी, धर्मशाळा ही वाटसरूची, गोसाव्याची, वारकऱ्याची हक्काची जागा आहे, असा आपल्याकडील गावांचा पूर्वापार समज. जनगणनेची व्याख्या मात्र निराळी आहे. जो छपराखालच्या ‘जनगणना-घरा’त राहत नाही, तर रस्त्याच्या कडेस, पदपथावर, मोठ्या नळांत, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, रेल्वेच्या फलाटावर किंवा देवळाच्या उघड्या मंडपात राहतो, तो बेघर. गावात ज्याला ‘उतारू’ म्हणतात, त्यालाच दहा वर्षांतून एका रात्री सरकारदरबारी हे दुसरे नाव मिळू शकते.

हा मुलूख घर सोडावयास लावणारा खराच. ह्याच तालुक्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी कुणब्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. आणि लगेच पुढच्याच वर्षी १८७६–७८ चा दुष्काळ आला. १८७२ ते १८८१ ह्या अवधीत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. त्यानंतर नीरेचा डावा कालवा झाला व बारामती-इंदापूरचा बागाइती पट्टा हिरवा झाला. पण पाणी उताराने जाते, आणि सुपे, मोरगाव, लोणी भापकर ही चढावरची गावे जिराइतच राहिली. अशा गावांतून माणसे मुंबईस गेली ती हौसेने नव्हे.

मुंबईत ही माणसे राहिली कोठे? ह्याचे उत्तर ज्याला गिरणगाव ठाऊक आहे त्याला सांगावयास नको. एका गावच्या मंडळींनी वर्गणी काढून चाळीत एक खोली घ्यावयाची. तीत पाचपंचवीस जणांच्या ट्रंका, खुंटीस कपडे, आणि निजणे पाळीपाळीने. पाळी नसेल त्याने गॅलरीत किंवा खाली फुटपाथवर पथारी पसरावयाची. सरकारने १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे दोनशे सात बी. डी. डी. चाळी उभारल्या, हे काम मोठे खरे. पण तेवढ्याने काय पुरणार? माझ्या मते मुंबईतील बेघरपणा ज्या संस्थेने प्रत्यक्षात सर्वांत अधिक आवरून धरला, ती ही गावकीची खोली होय. तिचा हिशेब कोणत्याही अहवालात नीट लागत नाही, कारण कोष्टकात ती एक घर म्हणून येते आणि फुटपाथवरचे बिऱ्हाड येतच नाही.

स्वातंत्र्यानंतर मोजणीस निराळेच महत्त्व आले. १९७६ च्या जानेवारीत मुंबईतील सरकारी व पालिकेच्या जमिनींवरील झोपड्यांची गणना झाली व ओळखपत्रे देण्यात आली. येथून पुढे मोजला गेलेला आणि न मोजला गेलेला अशा दोन जाती शहरात झाल्या. पदपथावर संसार मांडलेले बहुतेक लोक दुसऱ्या जातीत पडले. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, त्यांना हुसकून आपापल्या गावी पाठविण्याचा हुकूम सुटला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ऑल्गा टेलिस खटला म्हणून ते प्रसिद्ध आहे.

१० जुलै १९८५ चा तो निकाल सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिला. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग होय, हे त्यातील तत्त्व विधिमहाविद्यालयांत शिकविले जाते. मला मात्र त्यातील अर्जदारांच्या हकिकती अधिक बोलक्या वाटतात. एक जण संगमनेरचा चर्मकार. गावी दिवसाकाठी सात-आठ रुपये मिळवीत असे. गावचे घर पडले म्हणून १९६९ साली मुंबईस आला, बदली कामगार झाला, आणि तुळशीवाडीच्या पदपथावरील जागेसाठी तेथल्या एका गुंडास तीनशे रुपये व बांबू-प्लास्टिकसाठी सातशे रुपये मोजून त्याने निवारा केला. म्हणजे ज्याला आपण फुकटा म्हणतो त्याने जागेचे भाडेही भरले होते. फक्त ते पालिकेच्या तिजोरीत गेले नव्हते. निकालाने पदपथ अडविण्याचा हक्क कोणास दिला नाही. ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा सरून महिना होईपर्यंत, हकालपट्टी थांबविली. पर्यायी जागा कोणास द्यावी? तर १९७६ च्या गणनेत जे मोजले गेले, किंवा योगायोगाने ज्यांची नोंद झाली, त्यांस. एखाद्या कुटुंबाचे भवितव्य एका दिवशीच्या अशा योगायोगावर टांगलेले असावे, ह्याचे मला अजून आश्चर्य वाटते.

त्याच वर्षी एक वेगळी मोजणी झाली. ‘स्पार्क’ ह्या संस्थेने भायखळा व आसपासच्या पदपथांवरील सुमारे सहा हजार कुटुंबांची गणना केली आणि तिच्या अहवालास ‘आम्ही, न दिसणारे’ अशा अर्थाचे इंग्रजी नाव दिले. पदपथवासी म्हणजे आज येथे, उद्या तेथे, हा समज तिने खोडून काढला. वर्षानुवर्षे त्याच पदपथावर, कामाच्या ठिकाणापासून पायी जाता येईल अशा अंतरावर, ही कुटुंबे राहत होती. पुढल्या वर्षी त्याच बायकांतून ‘महिला मिलन’ उभे राहिले. त्यांनी बचत केली, घराचे नमुने आखले. आणि कालांतराने मानखुर्दच्या मिलननगरात त्यांतील कित्येक पदपथवासी पक्क्या घरांत गेले. मोजण्यास पोलिसाबरोबर येणारा माणूस आणि शेजारची बाई ह्यांना मिळणारी उत्तरे एक कशी असतील? विशेषतः ज्या राज्यात १९५९ चा भिक्षाप्रतिबंधक कायदा आहे, तेथे रात्री वही घेऊन आलेल्यास खरे नाव कोण सांगेल?

आता आकड्यांकडे पाहू. २०११ साली २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. सबंध देशात सुमारे १७ लक्ष ७३ हजार, महाराष्ट्रात दोन लक्षांहून अधिक, आणि बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार. हा शेवटचा आकडा फार लहान आहे असे अनेकांचे म्हणणे. पण तो खरा धरून चालू. शहरी एक लक्ष वस्तीमागे शंभर जणांचा एक निवारा, असा राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा दंडक होता. मुंबईची वस्ती त्या गणनेत १ कोटी २४ लक्ष. म्हणजे एकशेचोवीस निवारे, जागा १२,४००. दंडक तंतोतंत पाळला तरी सरकारच्याच मोजणीतील पाचांपैकी चौघे जवळजवळ बाहेरच राहणार! शिवाय हा हिशेब प्रत्येक महापालिकेने आपापल्या हद्दीत करावयाचा. ठाण्याच्या पुलाखाली निजून दादरला हमाली करणारा माणूस हद्द बदलला की एका शहराचा आकडा घटतो, आणि त्यास सुधारणा म्हणता येते.

२०२१ साली जनगणना झालीच नाही. पुढच्या गणनेसाठी १ मार्च २०२७ ही तिथी २०२५ मध्ये जाहीर करण्यात आली.

लोणी भापकरहून परतताना एका पडक्या घरापाशी मी थांबलो होतो. भिंत खचलेली, चौकट तेवढी उभी. ओट्यावरच्या म्हाताऱ्यास विचारले, “बाबा, घर कोणाचे?”

“आमचंच की. पोरगं मुंबईला असतंय.”

“तिकडे राहतो कोठे?”

“कामावरच ऱ्हातोय,” म्हातारा म्हणाला, आणि चंची काढून बसला. चौकटीवर मागे कधी तरी झालेल्या गणनेचा तांबड्या रंगातील घरक्रमांक अजून वाचता येत होता.