हिरव्या डायोडचा हातलेझर

व्याख्यानाच्या पडद्यावर फिरणारा किंवा आकाशनिरीक्षणाच्या वेळी ताऱ्याकडे रोखलेला हिरवा लेझर आता सर्वांच्या परिचयाचा आहे. मात्र बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन नळ्यांच्या अंतरंगात फार मोठा फरक असू शकतो. एकीत हिरवा प्रकाश स्फटिकांच्या साखळीतून तयार केला जातो. दुसरीत तो थेट अर्धसंवाहक डायोडमधून बाहेर पडतो. स्वतःच्या हाताने लेझर बांधणाऱ्या हौशी मंडळींचा ओढा गेल्या काही वर्षांत या दुसऱ्या प्रकाराकडे आहे.

या शतकाच्या प्रारंभी बाजारात आलेल्या हिरव्या पॉइंटरमध्ये हिरवा डायोड नव्हताच. त्यातील डायोड ८०८ नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश देई. निओडिमियमयुक्त स्फटिक तो शोषून १०६४ नॅनोमीटरचा, पुन्हा अदृश्यच, प्रकाश देत असे आणि त्यापुढचा दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा झोत बाहेर सोडी. ही रचना विलक्षण खरी, पण नाजूक. डायोडचे तापमान बदलले की त्याची तरंगलांबी सरकते, त्यामुळे थंडीच्या रात्री असा पॉइंटर मंदावतो. त्याहून गंभीर बाब अवरक्त प्रकाशाची. तो अडवणारी गाळणी तोंडाशी बसवलेली नसेल, तर हिरव्या झोताबरोबर तोही बाहेर पडतो. अमेरिकेतील राष्ट्रीय प्रमाण व तंत्रज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये अशाच एका स्वस्त पॉइंटरची तपासणी प्रसिद्ध केली. त्यातून दृश्य प्रकाशापेक्षा अदृश्य प्रकाशच अधिक बाहेर पडत होता. अशा प्रकाशाने डोळा दिपत नाही, पापणी मिटत नाही आणि इजा मात्र होत राहते.

मग हिरवा डायोड आधीच का झाला नाही? गॅलियम नायट्राइडमध्ये इंडियम मिसळून निळा आणि जांभळा लेझर १९९० च्या दशकातच साध्य झाला होता. इंडियमचे प्रमाण वाढवत नेले की रंग निळ्याकडून हिरव्याकडे सरकतो, पण इंडियमचा अणू गॅलियमपेक्षा मोठा असल्याने स्फटिकात ताण निर्माण होतो, दोष वाढतात आणि कार्यक्षमता कोसळते. तांबड्या व निळ्याच्या मधला हा अडसर ‘हिरवी दरी’ म्हणून ओळखला जातो. २००९ मध्ये जपानच्या निचिया कंपनीने ५१५ नॅनोमीटरपर्यंत मजल मारली. त्याच वर्षी सुमितोमो इलेक्ट्रिकने स्फटिक वेगळ्या, तिरक्या पृष्ठावर वाढवून ५३१ नॅनोमीटरचे स्पंदरूपी किरण मिळवले. या शर्यतीमागे खरी प्रेरणा होती ती छोट्या प्रोजेक्टरची. हौशी कारागिरांना त्याचा लाभ आयताच झाला.

आज सर्वाधिक मिळतो तो ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा डायोड. एकाच जातीच्या डायोडांतही काही नॅनोमीटरचा फरक पडतो, आणि दर्दी लोक नेमका हा फरक शोधत असतात. ५३२ चा हिरवा किंचित पोपटीकडे झुकतो, ५२० चा पाचूसारखा गर्द दिसतो, तर ५०५ चा दुर्मीळ डायोड जवळजवळ मोरपंखी छटा देतो. हा फरक घरीही मोजता येतो. सीडीवरील चाकोऱ्यांमधील अंतर १.६ मायक्रोमीटर असते. अगदी मंद झोत तिच्यावर सरळ टाकला, तर एक मीटर अंतरावरील पडद्यावर ५२० नॅनोमीटरचा पहिला ठिपका मध्यापासून सुमारे ३४.४ सेंटिमीटरवर पडतो आणि ५३२ चा ३५.३ सेंटिमीटरवर. जवळजवळ एका सेंटिमीटरचा हा फरक साध्या पट्टीनेही कळतो.

बांधणीत डायोड जळण्याची कारणे ठरलेली आहेत. डायोडला विद्युतदाब नव्हे, तर स्थिर विद्युतप्रवाह हवा असतो. तो पुरवणाऱ्या लहानशा मंडलाला ड्रायव्हर म्हणतात. तांबड्या डायोडला दोन-सव्वादोन व्होल्ट पुरतात. हिरव्याला मात्र त्याच्या दुपटीहून अधिक लागतात, म्हणून ३.७ व्होल्टच्या एका लिथियम सेलवर तो चालवायचा तर दाब वाढवणारा ड्रायव्हर अपरिहार्य ठरतो. ड्रायव्हर प्रथम खऱ्या डायोडला कधीही जोडू नये. सहा-सात साधे सिलिकॉन डायोड आणि एक ओहमचा रोध ओळीने जोडून नकली भार तयार करावा. रोधाच्या दोन टोकांतील जितके मिलिव्होल्ट मीटर दाखवील, तितका मिलिअँपिअर प्रवाह वाहत आहे असे समजावे. प्रवाह जुळवल्यावर ड्रायव्हरच्या कपॅसिटरमध्ये उरलेला विद्युतभार उतरवायचा आणि मगच डायोडला डाग द्यायचा. हा उरलेला भार विसरल्याने महागडा डायोड क्षणात निकामी होतो. अंगावरील स्थितिक विजेनेही तेच होते, म्हणून मनगटावर भूसंपर्क पट्टी हवी.

उष्णतेचा हिशेब वेगळा. एक वॅट प्रकाश देणारा हिरवा डायोड सुमारे सात वॅट वीज घेतो, म्हणजे उरलेली सहा वॅट उष्णता त्या इवल्याशा टोपणातून बाहेर काढावी लागते. यासाठी डायोड तांब्याच्या घट्ट नळकांड्यात दाबून बसवतात आणि ते ॲल्युमिनियमच्या आवरणाला सर्व बाजूंनी टेकेल असे लेथवर कातून घेतात. सैल बसवलेला डायोड मिनिटभरात मंदावतो.

मूळ झोत एका दिशेने अधिक फाकणारा असल्याने पुढे भिंग लावून तो समांतर करतात, आणि नेमके हे भिंगच त्याला घातक बनवते. मधुमेहाने बिघडलेल्या दृष्टिपटलावर उपचार करताना नेत्रतज्ज्ञ हिरव्या लेझरचेच काहीशे मिलिवॅटचे चटके देतात आणि तेही सेकंदाच्या एकदशांश-दोनदशांश भागाइतके. पापणी मिटायला साधारण पाव सेकंद लागतो. महाराष्ट्रात २०२३ च्या गणेशोत्सवानंतर मिरवणुकीतील लेझर झोतांमुळे दृष्टिपटलाला इजा झालेले तरुण रुग्ण नेत्रतज्ज्ञांकडे आले होते. पॉइंटर म्हणून वापरायच्या लेझरला अनेक देशांत पाच मिलिवॅट किंवा त्याहूनही कमी मर्यादा आहे. हौशी बांधणीतील लेझर बहुधा त्या कितीतरी पटींनी ओलांडतात.

म्हणून टेबलावर पहिली वस्तू हवी ती संरक्षक चष्मा. थेट डायोडसाठी ५२० नॅनोमीटरच्या भोवतालचा पट्टा अडवणारा नारिंगी काचेचा चष्मा पुरेसा असतो. जुन्या, स्फटिकांच्या लेझरवर काम करताना मात्र ८०८ आणि १०६४ हे दोन्ही आकडे चष्म्यावर नोंदलेले आहेत ना, हे पाहूनच सेल बसवावा.