माळ आणि मळी

आज कागलच्या शिवारात नजर पोचेल तिथवर ऊस दिसतो. नव्या माणसाला वाटतं, दूधगंगेचं खोरं पहिल्यापासून असंच हिरवंगार. तसं नव्हतं. नदीकाठची काळी मळी सोडली तर बाकी सगळा मुरमाड माळ: तरवड, बोरी आणि गवत.

संस्थानी काळात या गवताला मोल होतं. दरबारची कुरणं राखीव असत. काळवीट अशाच माळांवर चरायचे आणि त्यांच्यामागे पाळीव चित्ते सोडायची शिकार ही कोल्हापूरची ख्याती. आपल्याकडचे चित्ते सरत आले तसे ते आफ्रिकेतून आणले गेले. कागलच्या घाटगे घराण्यातून १८८४ साली दत्तक गेलेल्या शाहू महाराजांनाही शिकारीचा मोठा नाद.

माळावरचं कुसळी गवत हातात घेऊन बघावं. बियाच्या लांब शेपटीला पीळ असतो. ओल लागली की तो उलगडतो, उन्हात पुन्हा बसतो आणि या फिरण्यात टोकदार बी मातीत घुसतं. धनगरांच्या मेंढ्यांच्या लोकरीतही ते असंच शिरतं. म्हणून गवत कुसळं धरण्याआधी कापायचं. नदीकाठावर मात्र करंज, उंबर आणि वाळुंज. वाळुंजाची पानं वाऱ्यानं उलटली की खालची पांढुरकी बाजू दिसते. पुरात दरड धरून ठेवतात ती त्याची मुळं.

दाजीपूरचं रानही संस्थानानं शिकारीसाठीच राखलेलं. ते १९५८ साली अभयारण्य झालं, १९८५ साली राधानगरीपर्यंत वाढलं, २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं. माळाच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. सरकारी कागदावर तो पडीक. मग बंधाऱ्यांना बरगे बसले, काळम्मावाडीचं २५ टीएमसीचं धरण झालं, उपसा योजनांनी पाणी वर चढवलं आणि माळ फोडून ऊस लागला. उरलेल्या माळाचा मोठा तुकडा पंचतारांकित औद्योगिक वसाहतीनं घेतला. उसावर आमची पोरं शिकली, हे मी विसरत नाही. तरी नांगर वाळुंजाच्या बुडापर्यंत न्यायची गरज नव्हती.

आता उरलीसुरली गायरानं आहेत, तिथं दर पावसाळ्यात खड्डे काढून गुलमोहर लावतात. माझं गावकऱ्यांना एवढंच मागणं आहे: एक गायरान मोकळं सोडा, काही पावसाळे चराई बंद करा. गवत आपसूक परतेल; चाऱ्याचं मारवेल गवत अजून बांधाबांधावर तग धरून आहे.