क्ष-किरण सूक्ष्मशलाका

एका जिवंत कोशिकेवर किंवा तिच्या ठराविक भागावर, शेजारच्या कोशिकांना स्पर्श न करता, मोजक्या मात्रेत क्ष-किरण पाडता यावेत म्हणून एकत्रित केलेल्या अतिशय बारीक किरणशलाकेस क्ष-किरण सूक्ष्मशलाका म्हणतात. हिचा व्यास साधारणतः १ मायक्रोमीटर (मीटरचा दशलक्षांश भाग) किंवा त्याहून कमी असतो. सस्तन प्राण्याच्या कोशिकेचा प्रकल (केंद्रक) ५ ते १५ मायक्रोमीटर व्यासाचा असल्याने त्याच्या आतील नेमके स्थानही निवडता येते.

नेहमीच्या प्रारणनात (किरणोत्सर्गी प्रारण पाडण्याच्या क्रियेत) एकाच वेळी लक्षावधी कोशिकांवर किरण पडतात. मात्रा अल्प असली, तर काही कोशिकांना एकही आघात होत नाही, तर काहींना दोन-तीन होतात. प्रयोगाअंती मिळते ती केवळ सरासरी. एका कोशिकेला एकच आघात झाल्यास काय घडते, हा प्रश्न तीमधून सुटत नाही. आणि घरांतील रेडॉन वायूसारख्या अल्प मात्रांचा धोका ठरविताना तर नेमका हाच प्रश्न महत्त्वाचा असतो.

या तंत्राचा उगम क्ष-किरणांत नाही. रशियन जीववैज्ञानिक सर्गेई चाखोतिन यांनी १९१२ मध्ये जंबुपार किरण क्वॉर्ट्‌झच्या भिंगांनी एकत्रित करून कोशिकेच्या सूक्ष्म भागावर पाडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. (हेच चाखोतिन पुढे जर्मनीत नाझी प्रचाराविरुद्धच्या लढ्यात उतरले व राजकीय प्रचाराच्या मानसशास्त्रावरील ग्रंथामुळे जीवविज्ञानाबाहेरच अधिक ओळखले गेले.) आयनीकारक प्रारणाच्या बाबतीत निर्णायक पाऊल शिकागो विद्यापीठात रेमंड झर्कल व विल्यम ब्लूम यांनी टाकले. त्यांनी वेगवर्धकातील प्रोटॉनांची सु. २·५ मायक्रोमीटर व्यासाची शलाका विभाजन पावणाऱ्या कोशिकांवर सोडली (१९५३). गुणसूत्रांवर थोडेच प्रोटॉन पडले, तरी विकृती उद्‌भवते. उलट परिकलात (प्रकलाबाहेरील जीवद्रव्यात) त्यांहून कितीतरी अधिक प्रोटॉन सोडूनही गुणसूत्रांत तशी विकृती होत नाही, असे त्यांना आढळले. १९७० मध्ये मन्रो यांनी पोलोनियम लावलेल्या सूक्ष्म सुयांच्या साहाय्याने हाच निष्कर्ष दृढ केला. ‘प्रकलास प्रत्यक्ष आघात झाला, तरच हानी’ हे सूत्र मग जवळजवळ स्वयंसिद्ध मानले गेले.

प्रोटॉन व आल्फा कण यांच्या शलाकेस एक मर्यादा असते. ती बारीक छिद्रातून काढावी लागते आणि छिद्राच्या कडांवर काही कणांचे प्रकीर्णन होते. क्ष-किरणांना ही अडचण येत नाही. पण दुसरी, अधिक मूलभूत अडचण येते. त्यांचा वक्रीभवनांक जवळजवळ एक असल्याने साध्या भिंगाने ते एकत्रित होत नाहीत.

या अडचणीतून वाट काढण्याचे काम इंग्लंडमध्ये नॉर्थवुड येथील माउंट व्हर्नन रुग्णालयाच्या आवारातील ग्रे प्रयोगशाळेत झाले. प्रारण मात्रेच्या ‘ग्रे’ या एककास ज्यांचे नाव दिले आहे, त्या लुई हॅरल्ड ग्रे यांनी १९५३ मध्ये स्थापन केलेली ही संस्था. तेथे मेल्व्हिन फोकार्ड, बॉरिस व्हॉइनोव्हिक, केव्हिन प्राइझ, बॅरी मायकेल आदींनी विवर्तनाचा आधार घेतला. एकाआड एक पारदर्शक व अपारदर्शक अशी समकेंद्री वलये असलेली पट्टिका (विभाग पट्टिका) भिंगाचे कार्य करते, हे एकोणिसाव्या शतकापासून ज्ञात होते. बाहेरच्या वलयाची रुंदी जितकी कमी, तितका केंद्रबिंदू बारीक. तेव्हा क्ष-किरणांसाठी ही वलये नॅनोमीटरांत मोजावी लागतात. अशा पट्टिका लंडनच्या किंग्ज कॉलेजात तयार होत होत्या. पट्टिकेचे केंद्रांतर तरंगलांबीनुसार बदलते, म्हणून किरण एकवर्णी हवेत. यासाठी ग्रॅफाइटवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून कार्बनचे २७८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे (तरंगलांबी सु. ४·५ नॅनोमीटर) लाक्षणिक किरण निवडण्यात आले व नको असलेले कठीण किरण आरशाने वगळण्यात आले. पट्टिका कसलीही परिपूर्ण असली, तरी आपाती किरणांचा जेमतेम एक दशांश भाग केंद्रबिंदूशी पोहोचतो. मधला सरळ येणारा भाग अडवावा लागतो. एवढे करून २००१ मध्ये या गटाने मायक्रोमीटरहून कमी अचूकतेने कोशिका टिपणाऱ्या शलाकेचे वर्णन प्रसिद्ध केले.

कार्बनचे किरण निवडण्यामागे जीववैज्ञानिक कारणही होते. त्यांच्यामुळे बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनाचा पल्ला सु. ७ नॅनोमीटरांहून कमी, म्हणजे डीएनए रेणूच्या जाडीच्या काही पटच असतो. अशा मृदू किरणांचा मारक परिणाम अपेक्षेपेक्षा अधिक असतो, हे हारवेल येथे डडली गुडहेड व त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकात दाखविले होते. मात्र हे किरण कोशिकेत काही मायक्रोमीटरांतच शोषले जातात. त्यामुळे कोशिका सु. १ मायक्रोमीटर जाडीच्या प्लॅस्टिक पटलावर वाढवून किरण खालून सोडतात. अनुदीप्त रंजकाने रंगविलेला प्रकल संगणकाकडून शोधून घेऊन प्रत्येक कोशिकेचे स्थान नोंदविले जाते. काही दिवसांनंतर त्याच स्थानी जाऊन ती जगली की नाही, हे पाहता येते.

या उपकरणांनी जुन्या सूत्राला धक्का दिला. ज्यांवर किरण पडलेच नाहीत अशा कोशिकांतही बदल होतात, असे हात्सुमी नागासावा व जॉन लिटल यांना १९९२ मध्ये दिसले होते. जेमतेम १% कोशिकांतून आल्फा कण गेले असता सु. ३०% कोशिकांत गुणसूत्रीय बदल आढळले. पण सामान्य शलाकेत कोणत्या कोशिकेवर काय पडले याची खात्री नसल्याने शंकेस जागा होती. सूक्ष्मशलाकेने ती उरली नाही. ग्रे प्रयोगशाळेत शेकडो कोशिकांपैकी एकीवरच मृदू क्ष-किरण सोडले, तरी शेजारच्या कोशिकांपैकी काही मेल्या. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आल्फा कण केवळ परिकलावर सोडूनही उत्परिवर्तने झाली (१९९९). बाधित कोशिका शेजारच्यांना रासायनिक संकेत पाठवितात, असे मानले जाते. या घटनेस ‘शेजार परिणाम’ म्हणता येईल. झर्कल व ब्लूम यांची निरीक्षणे चुकीची नव्हती; त्यांवरून काढलेले व्यापक अनुमान मात्र अपुरे ठरले.

पुढे जपानमध्ये त्सुकुबा येथील फोटॉन फॅक्टरीत सिंक्रोट्रॉन प्रारणापासून ५·३५ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टची, तर कोलंबियात टिटॅनियमच्या ४·५ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट किरणांची शलाका सिद्ध झाली. अधिक ऊर्जेमुळे किरण खोलवर जातात व त्रिमितीय ऊतकांवरील प्रयोग सुलभ होतात. पटलावरील कोशिकांच्या एकेरी थरात दिसणारा शेजार परिणाम सजीव शरीरात किती व कोणत्या दिशेने कार्य करतो, हे त्यांवरूनही अद्याप निश्चित झालेले नाही. आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाने २००७ च्या शिफारशींत धोका मात्रेच्या प्रमाणात वाढतो, हेच गृहीत कायम ठेवले.