१०७व्या मजल्यावरची पंगत

मंडळी, इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले आठवतात, तह आठवतात, सनावळ्या आठवतात. आज मी तुम्हांला एका हॉटेलाचा इतिहास सांगणार आहे. कुणी म्हणेल, हॉटेलाला कसला आलाय इतिहास? चहा प्यावा, पैसे द्यावेत, रस्त्याला लागावं. पण हे हॉटेल जमिनीवर नव्हते. ते न्यूयॉर्क शहरात एका इमारतीच्या १०७व्या मजल्यावर, जमिनीपासून सुमारे १३०० फूट उंच होते. तिथे बसून माणसे जेवीत आणि जेवता जेवता खाली पसरलेले अख्खे शहर पाहत. १९७६ साली ते उघडले आणि २००१ साली एका सकाळी, पावणेदोन तासांच्या आत, नाहीसे झाले.

पण एकदम १०७व्या मजल्यावर कशाला जायचं? आधी जिन्याने चढू.

आपल्या जुन्या वाड्यांत अगदी वरच्या माळ्यावर काय असते? अडगळ, कांद्यांची चळत, फुटकी पेटी. घरातले कर्ते माणूस काही माळ्यावर बसत नाही. युरोपातही तीच तऱ्हा होती. पॅरिससारख्या शहरात घरमालक खालच्या मजल्यांवर राहत आणि कौलांखालच्या खोल्या मोलकरणी, विद्यार्थी आणि गरिबांच्या वाट्याला येत. पाण्याची बादली घेऊन पाच जिने चढून पाहा, म्हणजे कारण कळेल. उंची ही त्या काळी गरिबीची खूण होती.

हे उलटे झाले ते एका यंत्रामुळे. एलिशा ओटिस नावाचा अमेरिकन कारागीर होता. माल वर चढवणारे पाळणे तेव्हाही होते, पण दोर तुटला की सगळे खाली. माणूस त्यात बसायला धजत नसे. १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ओटिस स्वतः अशा पाळण्यावर उंच चढून उभा राहिला आणि लोकांच्या देखत त्याने दोर तोडायला लावला. पाळणा किंचित घसरला आणि जागीच थांबला, कारण दोराचा ताण सुटताच कडेच्या दात्यांत अडकणारी खीळ त्याने बसवली होती. तीन वर्षांनी, १८५७ साली, न्यूयॉर्कमधल्या एका पाच मजली दुकानात माणसांना नेणारी त्याची लिफ्ट सुरू झाली. तेव्हापासून वरचा मजला महाग होऊ लागला. वारा, उजेड आणि नजारा यांचे पैसे पडू लागले.

मग वरती जेवणाची सोय होणे आलेच. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये ६५व्या मजल्यावर ‘रेनबो रूम’ हे भोजनगृह ३ ऑक्टोबर १९३४ रोजी उघडले. साल लक्षात घ्या. अमेरिकेत महामंदी होती, खाली रस्त्यावर पावासाठी माणसांच्या रांगा लागत होत्या आणि वर फिरत्या लाकडी चौथऱ्यावर जोडपी नाचत होती. दारूबंदी उठून वर्षही झाले नव्हते, तेव्हा पेल्यांचा खणखणाट किती असेल हे मी सांगायला नको. पुढे १९६२ साली सिएटलच्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या मनोऱ्यावर तर जेवणाची जागाच गोल फिरू लागली. सुमारे तासाभरात एक फेरी, म्हणजे सूप येताना समोर समुद्र आणि गोड येईपर्यंत डोंगर. मला स्वतःला हे जरा पोरकट वाटते. जेवताना ताट स्थिर असलेले बरे.

आता आपल्या हॉटेलाकडे येऊ. न्यूयॉर्कच्या दक्षिण टोकाला बंदरांचा कारभार पाहणारी पोर्ट ऑथॉरिटी नावाची सरकारी संस्था आहे. तिने वर्ल्ड ट्रेड सेंटर हे ११० मजल्यांचे दोन जुळे मनोरे बांधायचे ठरवले. त्या जागेवर आधी काय होते, ठाऊक आहे? ‘रेडिओ रो’. म्हणजे रेडिओची गल्ली! रेडिओ विकणारे, दुरुस्त करणारे, सुटे भाग टोपलीत मांडून बसणारे असे शेकडो छोटे दुकानदार. तुम्हां-आम्हां रेडिओवाल्यांना ती गल्ली पाहायला किती आवडली असती! दुकानदार कोर्टात गेले. त्या खटल्याला नाव पडले ते तिथल्या एका छोट्या सँडविचच्या दुकानाचे. १९६३ साली राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निकाल दिला आणि १९६६ साली गल्ली पाडायला सुरुवात झाली. शिक्षकांनी हे वर्गात जरूर सांगावे, कारण मनोऱ्यांच्या फोटोत हे दिसत नाही. आकाशातल्या भोजनगृहाच्या पायाखाली जमिनीवरची एक खाण्याची जागा गेलेली होती.

मनोऱ्यांचा शिल्पी मिनोरू यामासाकी. गंमत अशी की त्याला स्वतःला उंचीची भीती वाटे. म्हणून त्याने खिडक्या अरुंद केल्या, जेमतेम १८ इंच रुंद. खिडकीशी उभे राहिले तरी दोन्ही खांद्यांना आधार वाटावा. उत्तरेकडच्या मनोऱ्याची उंची १३६८ फूट, म्हणजे ४१७ मीटर. आपला कुतुबमिनार सुमारे ७३ मीटर आहे. असे पाच मिनार एकावर एक ठेवले तरी मनोरा शिल्लक उरेल. इतक्या माणसांना वर नेणार कसे, हा मोठाच पेच होता. सगळ्या लिफ्ट तळापासून शेंड्यापर्यंत नेल्या तर अर्धी इमारत लिफ्टच्याच पोटात जाईल. म्हणून आगगाडीची युक्ती केली. ४४व्या आणि ७८व्या मजल्यावर जंक्शने केली. तिथपर्यंत जलद लिफ्ट, पुढे मजल्या-मजल्याला थांबणारी. मुंबईची फास्ट आणि स्लो लोकल ज्याने पाहिली आहे, त्याला हे चटकन कळेल. वरच्या भोजनगृहाला मात्र थेट लिफ्ट होती. मिनिटभरात वर, आणि कानात दडे.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. एवढा उंच मनोरा वाऱ्यात थोडा झुलणारच. किती झुलला तर माणसाला मळमळेल? हे तपासायला १९६५ साली ऑरेगन राज्यातल्या एका गावात डोळे फुकट तपासून मिळतील अशी जाहिरात दिली. लोक आले, समोरच्या आकृत्या पाहू लागले आणि त्यांना न सांगता ती खोलीच हळूहळू हलवली. कुणी म्हणाले चक्कर येते, कुणी भिंत धरली. त्यावरून आराखडा सुधारला. शास्त्र म्हणून हे ठीक असेल, पण माणसाला विचारून केले असते तर बरे झाले असते, असे मला वाटते.

१९७५ साली न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर होते. नोकरांचे पगार द्यायला तिजोरीत पैसा नव्हता. नव्या मनोऱ्यांतल्या कितीतरी जागा भाड्याने जात नव्हत्या. अशा वेळी १९ एप्रिल १९७६ रोजी ‘विंडोज ऑन द वर्ल्ड’, म्हणजे जगाकडे उघडणाऱ्या खिडक्या, हे भोजनगृह सुरू झाले. ते उभे करणारा जो बॉम हा या धंद्यातला मुरलेला माणूस होता. एका वेळी शेकडो पाने उठतील एवढा पसारा. बैठका पायरी-पायरीने उंचावलेल्या होत्या, नाटकगृहात असतात तशा, मागच्या टेबलालाही खिडकी दिसावी म्हणून. हवा स्वच्छ असली तर सुमारे ४५ मैल नजर पोचे. पुण्यात बसावे आणि लोणावळ्यापलीकडचे दिसावे, असा हा प्रकार. एका बाजूला हडसन नदी, दुसरीकडे ईस्ट नदीवरचे पूल, खाडीत स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा अंगठ्याएवढा. आणि ढग खाली उतरले की काहीच नाही. नुसते पांढरे. त्या दिवशी गिऱ्हाइकाने नजाऱ्याचे पैसे दिले पण जेवण तेवढे पाहिले!

कोट घातल्यावाचून मोठ्या दालनात प्रवेश नसे. ज्याच्या अंगात कोट नसेल त्याला हॉटेलच उसना कोट देई. सुरुवातीच्या काळात दुपारचे जेवण मुख्यतः सभासदांच्या क्लबासाठी राखलेले होते. सरकारी संस्थेच्या इमारतीत श्रीमंतांचा क्लब कशाला, असा आक्षेप तेव्हाच निघाला होता, आणि मला तो रास्त वाटतो. तरी संध्याकाळी शहरातली साधी माणसेही पैसे साठवून तिथे येत. लग्नाचा वाढदिवस, मुलीची पदवी, परगावचे पाहुणे. दिवाळखोर म्हणवल्या गेलेल्या शहराला आपण अजून उभे आहोत असे तिथून दिसे, हेही खरेच.

पण मंडळी, पाहुण्यांपेक्षा मला आत मुदपाकखान्यात जास्त गोडी आहे. तिथे कोण होते? आचारी, भाजी चिरणारे, भांडी घासणारे, वाढपी, पेले पुसणारे. बांगलादेश, मेक्सिको, इक्वेडोर, डोमिनिकन प्रजासत्ताक, मोरोक्को, आफ्रिकेतले देश, अशा कितीतरी मुलखांतून पोटासाठी आलेली ही माणसे. काहींपाशी त्या देशात राहण्याचे कागदही नव्हते. बाहेर गिऱ्हाईक जगाकडे खिडकीतून पाही. खरे जग पाठीमागे चुलीपाशी उभे होते.

२६ फेब्रुवारी १९९३ रोजी मनोऱ्याच्या तळघरात उभ्या केलेल्या गाडीतून बॉम्ब फुटला. सहा माणसे मेली. भोजनगृह बंद पडले ते १९९६ साली नव्याने उघडले. मग मात्र त्याची भरभराट झाली. २००० साली तिथे ३ कोटी ७० लाख डॉलरांची विक्री झाली. अमेरिकेत कुठल्याही एका भोजनगृहाची त्या वर्षी एवढी विक्री नव्हती.

११ सप्टेंबर २००१. सकाळी आकाश निरभ्र होते. न्याहारी चालू होती. एका परिषदेची माणसे वर जमत होती. मुख्य आचारी मायकेल लोमोनाको कामावर यायला निघाला, पण वर जाण्याआधी तो खालच्या मजल्यावर चष्मा करायला थांबला. ८ वाजून ४६ मिनिटांनी विमान उत्तर मनोऱ्याच्या ९३ ते ९९ या मजल्यांत घुसले. दोन मिनिटांपूर्वी जी चार-दोन माणसे लिफ्टने खाली उतरली, ती वाचली. वरच्यांसाठी तिन्ही जिने तुटले होते. वरून व्यवस्थापिकेने पोलिसांना पुन्हा पुन्हा फोन केले. धूर वाढतो आहे, कुठे जावे, खिडकी फोडू का, असे ती विचारत होती. ज्या खिडक्यांसाठी लोक तिथे येत, त्या आता श्वासासाठी फोडायच्या होत्या. १० वाजून २८ मिनिटांनी मनोरा कोसळला. वर असलेल्यांपैकी एकही माणूस वाचला नाही. त्यांत भोजनगृहाचे सत्तरहून अधिक कर्मचारी होते. संध्याकाळच्या पाळीचे लोक घरी होते म्हणून राहिले. कुणी पाळी बदलून घेतली होती, कुणी बदलून दिली होती. पुढच्या आयुष्यात त्यांनी हा हिशेब मनात किती वेळा मांडला असेल!

लोमोनाको आणि त्याच्या सोबत्यांनी मेलेल्यांच्या कुटुंबांसाठी निधी उभारला. ११ ऑक्टोबर २००१ च्या रात्री हजारो भोजनगृहांनी आपल्या विक्रीतला वाटा त्याला दिला. पण जे जिवंत राहिले त्यांची नोकरी गेली होती. मंदी आली होती. वाढपी म्हणून तिथेच काम करणारा, संघटनेतला मोरोक्कन माणूस फेकाक मामदू आणि भारतीय वंशाची तरुण वकील सारू जयरामन यांनी २००२ साली हॉटेल-कामगारांचे केंद्र काढले. त्यातून २००६ साली वाचलेल्या कामगारांनी शहरात ‘कलर्स’ नावाचे स्वतःचे भोजनगृह सहकारी तत्त्वावर उघडले. आपल्या साखर कारखान्याच्या सभासदाला हे वेगळे समजावून सांगायला नको. तिथली पदार्थांची यादी करताना प्रत्येकाला आपल्या आईचे, आजीचे पदार्थ सांगायला लावले होते. पुढे अनेक अडचणींनी ते बंद पडले. सहकार म्हणजे नुसता उत्साह नव्हे, धंदाही चालवावा लागतो, हे आपल्याकडेही पुष्कळांनी अनुभवले आहे.

त्या जागेजवळ नवा मनोरा उभा आहे. २०१५ सालापासून त्याच्या १००व्या मजल्यावरून लोक पुन्हा शहर पाहू लागले, आणि एक मजला वर खाण्याची सोयही झाली. जुन्या मनोऱ्यांच्या पायांच्या जागी मात्र काही बांधले नाही. तिथे दोन चौकोनी खोल तळी केली आहेत, काठाने पाणी खाली पडत असते. कठड्यावरच्या काशाच्या पत्र्यांत नावे कोरली आहेत. ती वर्णानुक्रमाने नाहीत. जे एकत्र काम करत त्यांची नावे शेजारी-शेजारी आहेत. उत्तरेच्या तळ्यावर आचाऱ्यांची, वाढप्यांची, भांडी घासणाऱ्यांची नावे अशी एका ओळीत सापडतात. ज्याचा वाढदिवस असेल त्याच्या नावातल्या खाचेत त्या सकाळी एक पांढरे गुलाबाचे फूल खोचून ठेवतात.